आई गेल्यावर वडिलांची शुगर का बिघडते, आणि त्यांना पुण्याला आणावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आई जाऊन चार महिने झाले. वडील ७२ वर्षांचे, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त, वाईजवळच्या गावात स्वतःच्या घरात एकटे राहतात. डायबिटीस जुना, पण आजवर आटोक्यात होता. आता एचबीए१सी (साखरेची रक्ततपासणी) ६.९ वरून ९.४ वर गेलंय, वजन पाच किलो उतरलंय, गोळ्या मात्र त्याच आहेत. तिथले डॉक्टर म्हणाले, ‘एकटे पडलेत, माणसांत ठेवा.’ तुम्ही दोघं वाकडला फ्लॅटमध्ये राहता, दोघंही नोकरीला. तुम्हाला विचारायचंय की एकटं पडल्याने खरंच शरीर बिघडतं, की डॉक्टर काहीतरी बोलायचं म्हणून बोलतात. आणि वडिलांना पुण्याला घेऊन यावं का.

पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर हो. दुसऱ्याला, इतक्यात नको. का, ते सांगते; पण त्याआधी एक काम उरकून घ्या.

या वयात साखर अचानक वाढली आणि जोडीला वजन उतरलं, तर ते एकटेपणाच्या खात्यावर टाकण्याआधी शरीर नीट तपासायला हवं. छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी, थायरॉइड, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), हिमोग्लोबिन, बी-१२. डायबिटीसच्या माणसाला टीबी लवकर गाठतो. स्वादुपिंडाचा कर्करोग कधी कधी पहिल्यांदा असाच, ‘आटोक्यातली शुगर बिघडली’ म्हणून समोर येतो. दुःखातल्या माणसाची प्रत्येक तक्रार दुःखाचीच ठरवून टाकायची सवय डॉक्टरांना असते तशी घरच्यांनाही असते, आणि ती धोक्याची आहे. हे रिपोर्ट चांगले आले असं धरून पुढचं लिहिते.

एचबीए१सी मागच्या साधारण तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगतं. म्हणजे ९.४ हा आकडा सगळाच्या सगळा आई गेल्यानंतरचा आहे. आता आठवून पाहा, त्या असताना वडिलांचा डायबिटीस कोण सांभाळत होतं? मी तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस करते. सत्तरीचे पुरुष येतात, ‘कोणत्या गोळ्या चालू आहेत?’ असं विचारलं की शेजारी बसलेल्या बायकोकडे बघतात. फाईल तिच्या पिशवीत असते. कुठली गोळी उपाशीपोटी आणि कुठली जेवल्यावर, हे तिला पाठ असतं. भाकरी किती, भात किती, चहात साखर घालायची की नाही हे तीच ठरवते, आणि लग्नाच्या पंगतीत जिलबी आली की लांबून डोळे वटारते. ती गेली की आजाराची ही सगळी व्यवस्था एका दिवसात बंद पडते. मग सकाळी चहा-बिस्किट, दुपारी शेजारून आलेलं किंवा कालचं उरलेलं, रात्री दूध-पोळी नाहीतर नुसतं फरसाण, आणि गोळी आठवली तर घ्यायची.

यात एक फार व्यावहारिक धोका आहे. ९.४ बघून कुणी गोळीचा डोस वाढवेल. वडील प्रत्यक्षात गोळ्या चुकवत असतील आणि जेवणही चुकवत असतील, तर वाढवलेला डोस एखाद्या दिवशी नीट घेतला आणि रात्री जेवले नाहीत की साखर एकदम खाली येईल. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांनी हे होतं. रात्री दोन वाजता घाम फुटून शुद्ध हरपली तर घरात दुसरं माणूस नाही. म्हणून डोस वाढवण्याआधी पाकिटात किती गोळ्या शिल्लक आहेत त्या मोजा. आणि डॉक्टरांना स्पष्ट विचारा की एकट्या राहणाऱ्या ७२ वर्षांच्या माणसाला ६.९ चा हट्ट हवाच का. या वयात थोडं सैल उद्दिष्ट ठेवलेलं पुष्कळदा जास्त सुरक्षित असतं.

आता तुमच्या मूळ शंकेकडे येते. बायको गेल्यावर नवरा खचतो, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. पण त्याचा हिशोबही मांडलेला आहे. ब्रिटनमध्ये कॉलिन मरे पार्क्स आणि सहकाऱ्यांनी पत्नी वारलेल्या, ५५ आणि त्यापुढच्या वयाच्या ४,४८६ पुरुषांची नोंद ठेवली. त्यांचा निबंध १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या सहा महिन्यांत त्यांतले २१३ दगावले. त्याच वयाच्या विवाहित पुरुषांच्या मानाने हे प्रमाण ४० टक्के जास्त होतं, आणि या वाढीव मृत्यूंत सर्वांत मोठा वाटा हृदयविकाराचा होता. सहा महिन्यांनंतर आकडा हळूहळू इतरांच्या पातळीवर उतरत गेला. तुमचे वडील सध्या त्या सहा महिन्यांच्या आत आहेत. हे घाबरवायला सांगत नाही. घराचा, जमिनीचा, राहण्याच्या जागेचा मोठा निर्णय घ्यायला हा काळ सगळ्यांत वाईट आहे आणि लक्ष ठेवायला सगळ्यांत महत्त्वाचा आहे, एवढ्यासाठी सांगते.

आपल्याकडे दहावा-तेरावा होईपर्यंत घरात पाय ठेवायला जागा नसते. चौदाव्या दिवशी घर रिकामं. मला वाटतं, माणसांची गरज खरी तिथून सुरू होते, आणि आपली रीत नेमकी तिथे संपते. त्यात पुरुषांची गोष्ट वेगळी. बहुतेक घरांत नवऱ्याची नातीसुद्धा बायको चालवत असते. कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, कुणाकडे बारसं आहे, नणंदेला बरं नाही, हे फोन तिचे. ती गेल्यावर ते फोन येणंच बंद होतं; आणि आपण होऊन कुणाला फोन करावा हे सत्तरीच्या माणसाला सुचत नाही, सुचलं तर संकोच वाटतो. विधवा झालेल्या बाईचे हाल वेगळे असतात, त्यावर पुढे येते.

हा झाला आडवाटेचा परिणाम: जेवण, गोळ्या, झोप, माणसं. सरळ शरीरावर होणारा परिणामही आहे. सतत ताणात असलेल्या शरीरात कॉर्टिसॉल आणि अॅड्रिनलिन ही ताणाची संप्रेरकं वाढलेली राहतात. दोन्ही साखर वाढवतात, रक्तदाब चढवतात, झोप मोडतात. जपानी डॉक्टरांनी १९९० मध्ये हृदयाचा एक विकार वर्णन केला, त्याला ताकोत्सुबो म्हणतात. जबर मानसिक धक्क्यानंतर हृदयाचा एक भाग तात्पुरता फुगून लुळा पडतो, लक्षणं थेट हार्ट अॅटॅकची, पण रक्तवाहिन्यांत तो घडवणारा अडथळा सापडत नाही. पाळी गेलेल्या बायकांत तो जास्त दिसतो. तुमच्या वडिलांना तो झालाय असं मुळीच नाही. मनातल्या धक्क्याची वाट हृदयापर्यंत जाते याचा इतका उघड पुरावा दुसरा नाही, म्हणून उल्लेख केला.

माझा सगळ्यात आवडता पुरावा मात्र साध्या सर्दीचा आहे. अमेरिकेत पिट्सबर्गला शेल्डन कोहेन यांनी १८ ते ५५ वयाचे २७६ निरोगी स्वयंसेवक घेतले, त्यांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब सोडले आणि त्यांना वेगळं ठेवून कोण आजारी पडतं ते पाहिलं. निष्कर्ष १९९७ मध्ये छापून आले. थेंब टाकण्याआधी प्रत्येकाला विचारलं होतं की तुमची नाती किती तऱ्हेची आहेत. बारा तऱ्हा होत्या: जोडीदार, आईवडील, सासरची माणसं, मुलं, इतर नातलग, शेजारी, मित्र, कामावरची माणसं, शिकतानाचे सोबती, समाजकार्यातले साथी, देवळा-चर्चमधली ओळख, मंडळं-क्लब. पंधरा दिवसांतून एकदा तरी बोलणं होत असेल तरच ते नातं मोजायचं. ज्यांची नाती तीन किंवा त्याहून कमी तऱ्हेची होती त्यांना, सहा किंवा जास्त तऱ्हेची नाती असणाऱ्यांच्या मानाने, सर्दी होण्याचा धोका ४.२ पट निघाला. विषाणू तर सगळ्यांच्याच नाकात सोडला होता.

इथे ‘तऱ्हा’ महत्त्वाची आहे. एकूण माणसं किती यापेक्षा ती किती वेगवेगळ्या प्रकारची आहेत, यावर फरक पडत होता. मुलगा, सून, नातू, मुलगी, जावई मिळून दहा माणसं झाली तरी त्यांची तऱ्हा एक-दोनच.

याच दिशेचा दुसरा आकडा बघा. ज्युलियान होल्ट-लुनस्टाड आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १४८ अभ्यास, म्हणजे ३ लाख ८ हजार ८४९ माणसांची माहिती, एकत्र केली. सरासरी साडेसात वर्षांचा पाठपुरावा. ज्यांची नाती भक्कम त्यांची जगण्याची शक्यता ५० टक्क्यांनी जास्त. हा आकडा बातम्यांत येतो आणि लोक तिथेच थांबतात. मला त्याच्या पोटातला तपशील मोलाचा वाटतो. माणूस लग्न, मित्र, नातेवाईक, संस्था, शेजार अशा अनेक ठिकाणी किती गुंतलेला आहे हे मिळून मोजलं, तर फायदा ९१ टक्क्यांपर्यंत जातो. ‘एकटा राहतो की कुणासोबत’ एवढंच मोजलं तर तो जेमतेम १९ टक्के निघतो. एका छपराखाली राहणं हा सगळ्यात दुबळा निकष ठरला. आपण मुलं मात्र आईवडिलांच्या बाबतीत नेमका तोच धरून बसतो: ‘आमच्याकडे असतात, आता काळजी नाही.’

वाकडच्या फ्लॅटचं चित्र डोळ्यांसमोर आणा. सकाळी साडेआठला तुम्ही दोघं बाहेर, नातू शाळेच्या बसमध्ये. स्वयंपाकाच्या ताई दहापर्यंत. नंतर संध्याकाळी सातपर्यंत बाबा, टीव्ही आणि बाराव्या मजल्याची गॅलरी. खाली उतरायचं तर लिफ्ट, गेट, वॉचमनची नोंदवही, आणि समोर ओलांडता न येणारा रस्ता. गावात त्यांना ‘वर्कशॉपवाले तात्या’ म्हणून ओळखणारी चार माणसं तरी असतील. इथे ते ‘फ्लॅट अमुकचे आजोबा’. गावी त्यांची पाच तऱ्हेची नाती असतील तर इकडे आणून तुम्ही एक पक्कं कराल आणि चार तोडाल. मुलाकडे आणलेला म्हातारा पहिल्या वर्षात आणखी खंगला, अशा केसेस मी पाहिल्यात, आणि त्या घरांत प्रेमाची कमतरता नव्हती. काहीजण रुळतातही; ज्यांना सोसायटीतला ज्येष्ठ नागरिक संघ, सकाळचा हास्यक्लब किंवा भजनाचा ग्रुप सापडतो ते. म्हणून ‘आणूच नका’ असं मी म्हणत नाही. आधी तिथे काय आहे ते मोजा.

मोजायचं कसं? पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा तीन-चार दिवस राहा आणि एका कागदावर लिहा: आठवडाभरात बाबा कोणाशी बोलले, कुठे, कशासाठी. दूधवाला, पेपर टाकणारा मुलगा, किराणा दुकानदार, पारावरची मंडळी, देवळातले पुजारी, गावच्या विकास सोसायटीचे सेक्रेटरी, वर्कशॉपमधला जुना सहकारी, चुलतभाऊ. कुणालाही क्षुल्लक समजून गाळू नका. मग स्वतःला एक प्रश्न विचारा: एखाद्या सकाळी बाबांनी दारच उघडलं नाही, तर हे पहिल्यांदा कोणाच्या लक्षात येईल आणि किती तासांनी?

हा प्रश्न मी शिकागोच्या उष्णतेच्या लाटेवरून शिकले. जुलै १९९५ मध्ये तिथे पारा ४१ अंश सेल्सिअसवर गेला आणि नेहमीपेक्षा ७३९ मृत्यू जास्त झाले. एरिक क्लिनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने शेजारशेजारच्या दोन वस्त्यांची तुलना केली, नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल. दोन्हीकडे गरिबी, दोन्हीकडे एकटे राहणारे बरेच वृद्ध. तरी नॉर्थ लॉनडेलमध्ये लाखामागे ४० मृत्यू, साउथ लॉनडेलमध्ये ४. मधे फक्त एक रस्ता. साउथ लॉनडेलमध्ये दुकानं चालू होती, फुटपाथवर वर्दळ होती, म्हातारी माणसं रोज चार पावलं चालून काहीतरी आणायला बाहेर पडत. दुकानात जराशी थंड हवा मिळे आणि न दिसल्यास कुणीतरी विचारी. नॉर्थ लॉनडेलमध्ये कारखाने बंद पडून प्लॉट ओस पडलेले, दुकानं गेलेली, गुन्हेगारीची भीती. म्हातारी माणसं खिडक्या-दारं लावून आत बसली ती तिथेच गेली. तिथल्या लोकांची मनं वाईट नव्हती; बाहेर पडायला कारण आणि जागा उरली नव्हती. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या घरात एकटं राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी मला हा अभ्यास फार जवळचा वाटतो. गावातला किराणावाला तुमच्या वडिलांच्या तब्येतीसाठी काय करतो, हे त्याला स्वतःलाही माहीत नसतं.

आता उलट बाजूही सांगते, कारण या विषयावर फार गोडगोड बोललं जातं. माणसं जोडून दिली की आजार बरा होतो, इतकं हे सरळ नाही. वरचे बहुतेक अभ्यास निरीक्षणाचे आहेत. आजारी माणूसच बाहेर पडेनासा होतो आणि म्हणून एकटा दिसतो, असंही असतं. ते वजा करायचा प्रयत्न संशोधक करतात, पुरतं वजा होत नाही. अमेरिकेत एन्रिच्ड नावाचा मोठा प्रयोग झाला. नुकताच हार्ट अॅटॅक येऊन गेलेले २,४८१ रुग्ण, सगळे निराश किंवा एकटे पडलेले. अर्ध्यांना प्रशिक्षित माणसांकडून समुपदेशन, नाती वाढवायला मदत. २००३ मध्ये निकाल आला: मन थोडं सुधारलं, आधार वाढल्यासारखा वाटला, पण मृत्यू किंवा पुन्हा अॅटॅक येण्याचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच. माझा यावरून काढलेला अर्थ असा की बाहेरून काही महिने पुरवलेला सहवास आणि वर्षानुवर्षं वाढलेली नाती एकमेकांच्या जागी बसत नाहीत. वडिलांसाठी ‘कंपॅनियन’ पुरवणाऱ्या सेवा आता पुण्यात मिळतात. औषधाला, बँकेत न्यायला उपयोगी आहेत, जरूर घ्या. पण त्याने पारावरच्या मित्राची भरपाई झाली असं समजू नका.

बाबा पारावर जायचे थांबले असतील तर का थांबले ते विचारा, आणि मनाच्या आधी शरीराकडे बघा. हा माझा रोजचा अनुभव आहे. साखर वाढलेली असली की लघवी वारंवार लागते, त्यात या वयातली प्रोस्टेट. गावात पारापासून मुतारी लांब, धोतर किंवा पँट ओली होण्याची भीती. माणूस ते कुणाला सांगत नाही, ‘करमत नाही तिकडे’ म्हणतो. कानाला कमी ऐकू येत असेल तर चारचौघांत हसण्याचा विषय कळत नाही, मग माणूस हळूच उठून घरी येतो. मोतीबिंदू असेल तर संध्याकाळनंतर बाहेर पडणं बंद. कवळी सैल झाली की लोकांसमोर जेवायची लाज. गुडघे तर आहेतच. शुगर जरा खाली आणून, प्रोस्टेटची गोळी सुरू करून, कानातला मळ काढून किंवा श्रवणयंत्र देऊन जितकी माणसं पुन्हा कट्ट्यावर गेलेली मी पाहिली, तितकी ‘बाहेर पडा, मन रमवा’ या उपदेशाने गेलेली पाहिली नाहीत. आणि काठी घ्यायला लावा. काठी घेतली की म्हातारे दिसू म्हणून घेत नाहीत. पडल्यावर खुब्याचं हाड मोडतं.

तुम्ही लिहिलंय की गावातच राहणारी धाकटी बहीण ‘बघते सगळं’. तिला सासू आहे, दोन मुलं आहेत, आणि आता बाबांचा दोन वेळचा डबाही तीच देते. नात्यांनी आरोग्य सुधारतं असं म्हणताना ती नाती कोणाच्या पाठीवर उभी आहेत हे आपण विसरतो. ओहायोतल्या जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर यांचा १९९५ चा छोटासा अभ्यास मी घरच्यांना मुद्दाम सांगते. घरातल्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची सेवा करणाऱ्या १३ बायका आणि त्याच वयाच्या, ते ओझं नसलेल्या १३ बायका. सगळ्यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची सारखी जखम केली. सेवा करणाऱ्यांची जखम भरायला सरासरी ४८.७ दिवस लागले, इतरांची ३९.३ दिवसांत भरली. एकाच नात्यातून एकाला आधार मिळतो तेव्हा दुसऱ्याच्या शरीरातून तो वसूल होत असतो. त्यामुळे बहिणीचं बीपी शेवटचं कधी तपासलं, तेही विचारा. डब्याचे पैसे द्या, नाहीतर गावात पोळी-भाजी करून देणाऱ्या मावशी शोधून एक वेळचा डबा तिकडून लावा. आणि शक्य असेल तर बाबांनी एक वेळ बहिणीकडे जाऊन पंगतीत बसून जेवावं; डबा घरी आणून एकट्याने झाकण उघडण्यापेक्षा ते बरं. चार पावलं चालणं होतं, आणि किती जेवले ते कुणीतरी बघतं.

मघाशी विधवांबद्दल म्हणाले होते. तुमचे वडील गेले असते आणि आई राहिल्या असत्या, तर त्यांना स्वयंपाक आणि गोळ्या दोन्ही जमलं असतं. पण हळदीकुंकवाचं आवतण थांबलं असतं, लग्नात पुढे येऊ दिलं नसतं. ज्या गावाने नाती द्यायची तेच गाव ती काढूनही घेतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातलं हेरवाड हे गाव. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं या प्रथा बंद करायचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. लोक त्याकडे समाजसुधारणा म्हणून बघतात. डॉक्टर म्हणून मी त्याला आरोग्याचं काम म्हणेन. कोहेनच्या बारा तऱ्हांपैकी चार-पाच एका दिवसात कापून टाकणारी रूढी कुठल्याही आजारापेक्षा कमी नाही. जातीमुळे ज्यांना पारावर बसायलाच जागा नसते त्यांना ‘माणसांत मिसळा’ सांगणारा डॉक्टर कोणत्या गावाबद्दल बोलतो, हाही प्रश्नच आहे.

बाबांच्या मनाबद्दल. चार महिन्यांनी दुःख असणारच. रडू येणं, फोटोसमोर बसून राहणं, आईंच्या साडीची घडी न मोडणं, याला आजार म्हणू नका. पण पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा झोप न लागणं, चव जाणं, ‘आता कशाला जगायचं’ असं वारंवार बोलणं, दारू सुरू होणं किंवा वाढणं, अंघोळ-दाढी सोडून देणं, यांतलं काही दोन आठवडे रोज दिसत असेल तर नैराश्यासाठी तपासून घ्या. म्हातारा पुरुष ‘मी उदास आहे’ असं सहसा म्हणत नाही. तो ‘पोट साफ होत नाही, अंग दुखतं’ म्हणतो.

यावर आपल्या शेजारी, गोव्यात, फार चांगलं काम झालंय. विक्रम पटेल आणि संगात या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या ४९५ नैराश्याच्या रुग्णांवर प्रयोग केला. निष्कर्ष २०१७ मध्ये आले. समुपदेशन करणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. साधी, प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसं होती. सहा ते आठ भेटी, आणि त्यांत मुख्य काम एकच: पूर्वी आवडणारी किंवा गरजेची छोटी-छोटी कामं ठरवून पुन्हा सुरू करायला लावणं, मन लागो न लागो. तीन महिन्यांनी ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ३९ टक्के. याच परंपरेतलं काम अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत झालं, तिथे गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी बोलायला सुरुवात केल्यावर नैराश्याचे उपचार घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. आपल्याला यातून घ्यायचं ते हे, की ‘मन ठीक झालं की बाबा बाहेर पडतील’ हा क्रम उलटा आहे. आधी बाहेर पडायचं, मन मागून येतं.

आणि बाहेर पडायला काम लागतं. नुसतं ‘फिरून या’ म्हणून कुणी जात नाही. तुमचे वडील वर्कशॉपचे माणूस आहेत. गावातल्या शाळेचा पाण्याचा पंप, देवळाचा जनरेटर, शेजाऱ्याची लुना, पोरांच्या सायकली, यांत त्यांच्या हाताला मागणी असणार. कुणी ‘तात्या, जरा बघा ना’ म्हणून हाक मारली पाहिजे, आणि ती हाक मारायला तुम्ही गुपचूप दोन माणसांना सांगून ठेवलं तरी मी त्याला फसवणूक म्हणणार नाही. म्हाताऱ्या माणसाला आपण सारखं घ्यायला लावतो: डबा घ्या, गोळी घ्या, काळजी घ्या. त्याच्याकडून कुणी काही मागत नाही.

व्हिडिओ कॉल रोज करा, पण ‘जेवलात का, गोळी घेतली का’ एवढ्यावर तो संपवू नका; ती विचारपूस हजेरीसारखी वाटू लागते आणि मग माणूस खोटं सांगतो. गोळ्यांसाठी आठवड्याची डबी आणा, सात दिवसांच्या खान्यांची. रविवारी बहीण किंवा भाचा भरेल, पुढच्या रविवारी उरलेल्या दिसतील. फोनवर त्यांना काहीतरी विचारा, जे तुम्हाला खरंच हवंय: गाडीचा आवाज येतोय, काय असेल, आजीच्या वेळी घर कसं होतं, शेताचा तो सातबारा कुठे ठेवलाय.

पुण्याबद्दल माझं मत असं. वर्षश्राद्ध होईपर्यंत घर विकणं, भाड्याने देणं, कायमचं हलवणं, यांतलं काहीही करू नका. मधे पंधरा-वीस दिवसांसाठी बाबांना वाकडला आणा, पण सुट्टीत, तुम्ही घरी असताना. सोसायटीतल्या ज्येष्ठ मंडळींशी त्यांची ओळख तुम्ही करून द्या. त्यांना एकटं खाली पाठवून ती होणार नाही. दोन-तीनदा असं येणं-जाणं झालं की त्यांच्या बोलण्यातून तुम्हालाच कळेल. ते परतायच्या दिवसाचे डोळे लावून बसतात, की ‘त्या जोशींना सांग, पुढच्या महिन्यात येतो’ असं म्हणतात. अर्थात पडणं, वारंवार साखर खाली जाणं, वाट चुकणं, गॅस चालू राहणं, यांतलं काही सुरू झालं तर वर्षाची वाट बघू नका. तेव्हा सुरक्षितता आधी, नाती नंतर.

या महिन्यात करायचं ते एवढंच: वरच्या तपासण्या, गोळ्यांची मोजणी, डोळे-कान-लघवीची तपासणी, बहिणीशी मोकळं बोलणं, आणि दूधवाल्याकडे तुमचा व शेजाऱ्यांचा नंबर. पहाटे त्याला दार बंद दिसलं आणि हाकेला ओ आली नाही, तर त्याने थांबून शेजारी उठवायचे, हे त्याला स्पष्ट सांगून ठेवा. नाहीतर तो पिशवी कडीला अडकवून पुढे जातो. बाबा जगण्याला कंटाळल्याचं बोलले तर १४४१६ हा टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सेवेचा सरकारी नंबर आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं, आणि घरच्यांनीही त्यावर फोन करून काय करायचं ते विचारलं तर चालतं. तीन महिन्यांनी पुन्हा एचबीए१सी करा. तोवर ते ८ च्या आसपास आलं आणि वजन टिकलं, तर औषधाचा डोस न वाढवता तुम्ही बरंच मिळवलंत असं मी समजेन.